क्लबच्या ऑटोक्रॉसमधली भांडणं: नियमपत्रक, स्टुअर्ड आणि कार्यकारिणीची घडी कशी बसवायची

मोकळं मैदान, फक्कीने आखलेला ट्रॅक, पन्नास-साठ ट्रॅफिक कोन आणि एका वेळी धावणारी एकच गाडी. क्लबला सर्वांत परवडणारा मोटरस्पोर्ट म्हणजे ऑटोक्रॉस. इथे गाडी गाडीला लागत नाही, त्यामुळे धक्का कोणी मारला हा वाद उद्भवत नाही. तरीही दोन-तीन सीझनमध्ये क्लबात गट पडतात, जुने मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक, यायचे बंद होतात आणि टायमिंगचं यंत्र ज्याच्या घरी आहे तो ते द्यायला तयार नसतो.

मग "माणसंच तापट आहेत" असं म्हणून विषय सोडून दिला जातो. पण भांडणाचा माग काढत गेलं तर बहुतेक वेळा तो इव्हेंटच्या आधीच्या महिन्यात जाऊन पोचतो. नियमपत्रकात एखादी ओळ राहून गेलेली असते, किंवा निकाल देणाऱ्याचा सख्खा भाऊ त्याच क्लासमध्ये गाडी चालवत असतो. त्या महिन्यात काय करून ठेवायचं, इव्हेंटच्या दिवशी कोणी काय बोलायचं आणि नंतर कागद कुठे ठेवायचे, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं ऑटोक्रॉसची असली तरी डर्ट ट्रॅक आणि रॅली स्प्रिंटलाही ती चालतील.

## आधी कामं वेगळी करा

छोट्या क्लबात अध्यक्षच मैदान मिळवतो, स्पॉन्सर आणतो, ट्रॅक आखतो, सकाळी स्टार्टला झेंडा धरतो आणि दुपारी हेल्मेट चढवून स्वतः फेरी मारतो. त्याची मेहनत खरी असते. पण चौथ्या नंबरवर आलेल्या मुलाची तक्रार ऐकायलाही तोच बसला, तर त्याने दिलेला योग्य निकालसुद्धा कोणी मानत नाही.

एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेने ही कामं स्पष्ट वेगळी केली आहेत, आणि आपल्याकडे एफएमएससीआय या राष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या इव्हेंटमध्येही हीच रचना असते. क्लबचा इव्हेंट कितीही लहान असला तरी पुढची पदं वेगवेगळ्या माणसांकडे हवीत.

क्लर्क ऑफ द कोर्स इव्हेंट चालवतो. ट्रॅक, वेळापत्रक, मार्शल, सुरक्षा हे सगळं त्याच्याकडे.

स्टुअर्ड न्यायनिवाडा करतात. आयोजनाची कुठलीही जबाबदारी त्यांच्यावर नसते, आणि ती ठेवूही नये. स्पॉन्सरच्या पाहुण्यांना सांभाळणारा माणूस स्टुअर्ड होऊ शकत नाही.

चीफ स्क्रुटिनियर गाड्या तपासतो, मोजतो आणि लिहून देतो. बाद करण्याचा अधिकार त्याचा नाही. "तुझी गाडी बाद" असं स्क्रुटिनियर पार्किंगमध्ये बोलून गेला की अर्ध्या तासात ते मैदानभर होतं, आणि मग स्टुअर्डांनी काहीही ठरवलं तरी कोणीतरी दुखावतंच. त्याने "मोजमाप इतकं आलं, नियमात इतकं आहे" असा अहवाल स्टुअर्डांना द्यायचा आणि बाकी गप्प राहायचं.

टाइमकीपर, इव्हेंट सेक्रेटरी आणि स्पर्धक संपर्क अधिकारी ही उरलेली तीन पदं. शेवटचं पद छोटे क्लब सहसा भरत नाहीत. ही मोठी चूक आहे. सर्वांना ओळखणारा, आवाज न चढवणारा एखादा जुना ड्रायव्हर कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसवा. चिडलेल्या स्पर्धकाने आधी त्याच्याकडे जायचं. नियमपत्रकातलं कलम कुठलं, अर्जाची वेळ किती उरली आहे, एवढं त्याने शांतपणे सांगितलं तरी बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

स्टुअर्ड तीन ठेवा, त्यातले दोन बाहेरच्या क्लबचे. पुण्याच्या क्लबने नाशिककडून एक आणि कोल्हापूरकडून एक घ्यायचा, त्यांच्या इव्हेंटला आपला माणूस पाठवायचा. प्रवासखर्च आणि एका रात्रीची राहण्याची सोय बजेटमध्ये आधीच धरा. क्लबने केलेला हा सर्वांत उपयोगी खर्च असतो. प्रत्येक स्टुअर्डकडून आदल्या दिवशी एका पानावर लिहून घ्या: स्पर्धकांमध्ये नातेवाईक कोण, कोणाशी पैशांचा व्यवहार आहे, कोणाची गाडी आपल्या गॅरेजमध्ये तयार झाली. गॅरेजचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एका शहरात रेसिंगच्या गाड्या तयार करणारे हात मोजकेच असतात आणि निम्मा क्लास त्यातल्या एकाचा गिऱ्हाईक असतो. असा संबंध निघाला, तर त्या क्लासच्या प्रकरणात तो स्टुअर्ड उठून बाहेर जातो आणि त्याची नोंद होते.

क्लर्क ऑफ द कोर्सशी स्पर्धकांनी थेट बोलायचं नाही, हाही नियम करा. 12 डिसेंबर 2021 च्या फॉर्म्युला वनच्या अबू धाबी ग्रां प्रीमध्ये शेवटच्या फेऱ्यांत विजेतेपदासाठी लढणाऱ्या दोन्ही संघांचे प्रमुख रेडिओवरून रेस डायरेक्टर मायकेल मासी यांच्याशी थेट वाद घालत होते. पुढे 2022 च्या फेब्रुवारीत मासी यांना त्या पदावरून हलवण्यात आलं आणि संघांचा हा थेट रेडिओ संपर्क बंद केला गेला. जगातल्या सर्वांत महागड्या शर्यतीत अधिकाऱ्याच्या कानाशी होणारी गर्दी निर्णयाला नडली. आपल्याकडे तर क्लर्कच्या भोवती आठ जण उभे असतात.

## नियमपत्रक: वाद इथेच कमी होतात

पूरक नियमावली, म्हणजे ज्याला सगळे एसआर म्हणतात, ती एंट्री सुरू होण्याआधी प्रसिद्ध करा. इव्हेंटच्या आदल्या रात्री ग्रुपवर टाकलेली पीडीएफ चालणार नाही. नंतर काही बदलायचं असेल तर क्रमांक, तारीख, वेळ आणि सही असलेलं बुलेटिन काढा व नोटीस बोर्डवर लावा. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये तोंडी सांगितलेला बदल हा बदलच नव्हे. उशिरा आलेला ड्रायव्हर "मला कोणी सांगितलं नाही" म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असतो.

क्लासची व्याख्या लिहिताना सर्वाधिक चुका होतात. एक उदाहरण पुरेसं आहे. "800 सीसीपर्यंत" असा क्लास जवळपास प्रत्येक क्लबात असतो आणि त्यात मारुती 800 असतेच. तिच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 68.5 मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 72 मिमी. बोअरचा वर्ग गुणिले 0.7854 गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडरची संख्या, असा हिशेब केला की 796 सीसी येतात. आता हेच जुनं इंजिन बोअर करून 0.25 मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकले, तर बोअर होतो 68.75 आणि आकडा येतो 801.8. अर्धा मिमी ओव्हरसाइज केलं तर 807.7. म्हणजे गावातल्या मेकॅनिककडे झिजलेलं इंजिन सरळपणे दुरुस्त करून आणणारा मुलगा नियमाच्या अक्षराप्रमाणे बाद होतो. त्याचा वेळ तिसऱ्या नंबरचा असला की चौथ्या नंबरवाल्याला हे नेमकं आठवतं.

म्हणून "कंपनीची मूळ क्षमता 800 सीसीपर्यंत, कंपनीच्या मूळ बोअरवर 0.50 मिमीपर्यंत ओव्हरसाइज चालेल, स्ट्रोक मूळच हवा" असं लिहा. किंवा ओव्हरसाइज अजिबात चालणार नाही असं लिहा. दोन्ही चालतं. काहीच न लिहिणं चालत नाही.

क्लासच्या कलमाखाली हेही हवं: मोजणी थंड इंजिनावर होईल, कुठल्या उपकरणाने होईल, इंजिन उघडताना कोण हजर असेल, आणि उघडण्या-बसवण्याचा खर्च कोणावर. शेवटच्या मुद्द्याला सर्वमान्य उत्तर असं: तक्रार करणाऱ्याने खर्चाइतकी रक्कम आधी जमा करायची. गाडी नियमात बसली तर ती रक्कम गाडीमालकाला जाते, गाडी बसली नाही तर तक्रारदाराला परत मिळते आणि खर्च गाडीमालकाचा. हेड गॅस्केट, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून रक्कम एसआरमध्ये आकड्यात लिहा. "योग्य ती रक्कम" असं लिहिलं की तिच्यावरूनच दुसरं भांडण सुरू होतं.

नियम लेखी असला तर तो कोर्टातही टिकतो. नॅस्कार या अमेरिकन संघटनेची पहिली स्ट्रिक्टली स्टॉक (बदल न केलेल्या गाड्यांची) शर्यत 19 जून 1949 रोजी शार्लटला झाली. ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं गेलं. गाडीमालकाने 10,000 डॉलरचा दावा लावला, आणि न्यायालयाने तो फेटाळला. त्या वेळी संघटना जेमतेम दीड वर्षाची होती. पहिल्याच शर्यतीचा विजेता बाद करायला धैर्य लागतं, पण हातात कागद नसता तर ते धैर्य फुकट गेलं असतं.

## कोन पडला की हलला?

ऑटोक्रॉसमधला हा रोजचा तंटा. उपाय एक किलो फक्कीचा आहे. ट्रॅक आखून झाल्यावर प्रत्येक कोनच्या बुडाभोवती चौकोन आखा. नियम असा: कोन आडवा झाला किंवा उभा राहून चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला तर दंड. कोन उभा आहे आणि बुडाचा काही भाग अजून रेषेला लागून आहे, तर दंड नाही. अमेरिकेतल्या एससीसीए या क्लबच्या सोलो, म्हणजे ऑटोक्रॉस, स्पर्धांत हाच नियम आहे आणि दंड कोनमागे 2 सेकंद असतो. तुम्ही 2 ठेवा की 5, पण आकडा एकच ठेवा. गेट, म्हणजे दोन कोनमधली ठरलेली वाट, चुकलं तर वेगळा दंड किंवा फेरी बाद, तेही लिहा.

मातीच्या मैदानावर चाकाने उडालेली माती चौकोन पुसते, टँकरने पाणी मारल्यावर तर तो दिसतच नाही. दर क्लासनंतर चौकोन पुन्हा आखण्यासाठी वेळापत्रकात दहा मिनिटं ठेवा.

कोनवरचा मार्शल हा तथ्याचा पंच, म्हणजे डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट ठरवणारा अधिकारी, असतो. त्याची नावं आणि जागा एसआरमध्ये किंवा बुलेटिनमध्ये जाहीर करा, कारण तथ्याच्या पंचाने आपल्या कामाबाबत दिलेल्या निर्णयावर प्रोटेस्ट, म्हणजे औपचारिक लेखी तक्रार, करता येत नाही, आणि हे संरक्षण नाव जाहीर केलेल्यालाच मिळतं. मोबाइलवरचा व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायचा की नाही हेही आधी ठरवा. एकाचा मित्र शूटिंग करत होता आणि दुसऱ्याचा नव्हता, यावर निकाल फिरू नये. क्लबने स्वतः लावलेल्या कॅमेऱ्याचंच चित्रण ग्राह्य, हा नियम सर्वांना सारखा पडतो.

पुन्हा फेरी कधी मिळेल, त्याची यादी बंदिस्त ठेवा: टायमिंग बिघडलं, लाल झेंडा दाखवला, ट्रॅकवर माणूस किंवा जनावर आलं, किंवा आधीच्या गाडीने पाडलेला कोन उभा केलेला नव्हता. या शेवटच्या बाबतीत ड्रायव्हरने तिथल्या तिथे थांबून हात दाखवायचा. पूर्ण फेरी मारून, वेळ बोर्डावर पाहून, मग "कोन पडलेला होता" म्हणणाऱ्याला फेरी द्यायची नाही.

## टायमिंग: सेंटिमीटरचा हिशेब

ताशी 60 किमी वेगाने गाडी एका सेकंदात 16.7 मीटर जाते, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे 17 सेंमी. फिनिशच्या बीमचा, म्हणजे गाडीने तोडताच वेळ नोंदवणाऱ्या प्रकाशकिरणाचा, ट्रायपॉड कोणाच्या पायाने वीतभर सरकला, तर त्यानंतरच्या सगळ्यांच्या वेळेत शंभराव्याचा फरक पडतो, आणि निकाल तेवढ्यावरच लागतात. ट्रायपॉडचे पाय खुंट्यांना बांधा, जागा फक्कीने खूण करून ठेवा, आणि भोवती दोरी लावून आत फक्त टाइमकीपरला जाऊ द्या.

स्टार्टला याहून मोठी गफलत होते. गाडी बीमच्या किती मागे उभी राहते? 30 सेंमी मागून निघालेली गाडी आणि 1 मीटर मागून निघालेली गाडी यांत, दुसरी बीम तोडते तेव्हा तिने आधीच वेग घेतलेला असतो. मातीवरच्या साधारण प्रवेगाला हा फायदा पाव सेकंदाहून जास्त भरतो. हुशार ड्रायव्हर हे दुसऱ्या इव्हेंटलाच ओळखतात. पुढच्या चाकासमोर लाकडी फळी ठेवा, गाडी फळीला टेकली की फळी काढा आणि मग झेंडा. एक फळी, एक माणूस, आणि "त्याला पुढे-मागे उभं केलं" ही तक्रार संपली.

दाट धूळ बीम तोडते. क्लासमध्ये पाणी मारायचं तर ते ठरावीक गाड्यांनंतर मारा आणि आधी जाहीर करा, कारण ओल्या आणि कोरड्या ट्रॅकवर वेळ वेगळा येतो आणि टँकर कोणाच्या आधी फिरला यावरून शंका घेतली जाते.

प्रत्येक फेरीची वेळ दुसऱ्या माणसाने स्टॉपवॉचवर घ्यायचीच. हाताच्या वेळेत दोन-तीन दशांशांचा फरक सहज येतो, म्हणून ती यंत्राच्या वेळेशेजारी ठेवून एका क्लासचा निकाल लावू नका. यंत्र बंद पडलं तर दोनच पर्याय: त्या गाडीला पुन्हा फेरी, किंवा तो अख्खा क्लास हाताच्या वेळेवर. हेही एसआरमध्ये लिहा.

## प्रोटेस्ट आला, आता पुढे

निकाल लागल्यावर पहिला प्रश्न घड्याळाचा. तात्पुरता निकाल बोर्डावर लावताना त्यावर लावल्याची वेळ पेनने लिहा आणि सेक्रेटरीने सही करा. संहितेनुसार निकालाविरुद्धचा प्रोटेस्ट त्यानंतर 30 मिनिटांत द्यावा लागतो, आणि स्क्रुटिनियरच्या निर्णयाविरुद्धचा लगेच. वेळच लिहिली नसेल तर 30 मिनिटं कुठून मोजणार? एवढ्या एका चुकीने संध्याकाळी सातला दिलेला प्रोटेस्टही नाकारता येत नाही. ही 30 मिनिटं संपेपर्यंत पहिल्या तीन गाड्या पार्क फर्मेत, म्हणजे कोणी हात लावू शकणार नाही अशा बंदिस्त जागेत, आणि बक्षीस समारंभ नाही. प्रमुख पाहुणे घाईत असले तरी नाही. ट्रॉफी हातात दिल्यावर परत मागणं यासारखी क्लब फोडणारी दुसरी गोष्ट नाही.

पुढचा क्रम असा:

1. प्रोटेस्ट लेखी, स्पर्धकाच्या सहीने, ठरलेल्या फीसह. कोणत्या कलमाचा भंग झाला ते त्यात हवं. तोंडी तक्रार ऐकून घ्यायची, पण कागद हातात येईपर्यंत तिची प्रक्रिया सुरू होत नाही.

2. सेक्रेटरीने मिळाल्याची वेळ लिहून पोच द्यायची. पाच जणांनी मिळून दिलेला एक अर्ज, किंवा एका अर्जात तिघांविरुद्ध तक्रार, संहितेत चालत नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. हा नियम कडक वाटतो, पण झुंडीचा दबाव तोच रोखतो.

3. दोन्ही बाजूंना लेखी बोलावणं: वेळ आणि जागा लिहून. जागा बंद हवी, शाळेची खोली किंवा बंदिस्त तंबू. ज्या सुनावणीला वीस जण कान देऊन उभे आहेत तिथे साक्षीदार खरं बोलत नाही.

4. आत स्टुअर्ड, सेक्रेटरी, स्पर्धक आणि गरजेप्रमाणे एकेक साक्षीदार. मोबाइल बाहेर. आधी तक्रारदार, मग ज्याच्यावर तक्रार आहे तो, मग मार्शल किंवा स्क्रुटिनियर. स्टुअर्डांनी प्रश्न विचारायचे, मत द्यायचं नाही. "अरे, तूसुद्धा गेल्या वर्षी…" असं वाक्य कोणाच्याही तोंडून आलं की तिथेच थांबवायचं.

5. सगळ्यांना बाहेर पाठवून चर्चा, आणि निर्णय लेखी. त्यात चार भाग: काय घडलं असं स्टुअर्डांना आढळलं, कोणतं कलम लागू, दंड काय, कारण काय. खाली वेळ, तिन्ही सह्या आणि अपिलाच्या मुदतीची ओळ. संहितेप्रमाणे अपिलाचा इरादा निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून तासाभरात लेखी कळवावा लागतो.

"कारण काय" हा भाग क्लब गाळतात आणि तिथेच घात होतो. हरलेल्या माणसाला निर्णय पटला नाही तरी आपलं म्हणणं ऐकलं गेलं हे त्या दोन ओळींतून कळतं. "एन्ट्रंट क्रमांक 14 यांनी सांगितलं की कोन वाऱ्याने पडला, मार्शल क्रमांक 3 यांनी मागच्या चाकाचा स्पर्श पाहिला, मार्शल जाहीर तथ्य-पंच असल्याने त्यांची नोंद कायम." एवढं पुरतं.

दंडाचा तक्ताही एसआरमध्येच हवा. मार्शलला शिवीगाळ केली तर पहिल्या वेळी काय आणि दुसऱ्या वेळी काय, पार्क फर्मेतून परवानगीशिवाय गाडी काढली तर काय. आपल्या अध्यक्षाच्या मुलाला आणि नवख्या मुलाला एकच दंड लागतोय हे तक्त्यामुळेच दिसतं. दंड नियमात नसेल तर तो ऐन वेळी शोधून काढू नका.

निर्णय होईपर्यंत आणि त्यानंतर एक दिवस क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. अधिकृत सूचना बोर्डावर लागते, ग्रुपवर तिचा फोटो येतो. उलट क्रम नको.

## मार्शल आणि थांबवण्याचा अधिकार

मे महिन्याच्या उन्हात सहा तास उभा असलेला स्वयंसेवक चुकतो. प्रत्येक पोस्टवर दोन माणसं, एकाच्या विश्रांतीत दुसरा, सावलीसाठी छत्री, माणशी किमान चार लिटर पाणी, आणि जेवण ड्रायव्हरांच्या आधी. ज्या क्लबात मार्शलचं जेवण तीन वाजता येतं, तिथे पुढच्या इव्हेंटला मार्शल नसतात आणि मग स्पर्धकांचे मित्र कोनवर उभे राहतात. वाद तिथून वाढतात.

अँब्युलन्स मैदानाबाहेर गेली की इव्हेंट थांबतो. यावर चर्चा नसते. सूर्य मावळतीला आला, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तिरीप येते आणि अजून आठ गाड्या बाकी आहेत, अशा वेळी "एवढ्याच उरल्यात, उरकून टाका" असं म्हणणारे बरेच असतात. शेवटची गाडी किती वाजता सुटेल ती वेळ एसआरमध्ये छापा. उरलेल्या क्लासचा निकाल पूर्ण झालेल्या फेऱ्यांवर लागेल की रद्द होईल, तेही छापा. मग क्लर्कला "नाही" म्हणायला स्वतःची किंमत मोजावी लागत नाही.

## पैसा, पद आणि फूट

ट्रॅकवरचे वाद एका संध्याकाळचे असतात. क्लब फुटतो तो हिशेबावरून आणि पदावरून.

इव्हेंटनंतर 15 दिवसांत एक पानी हिशेब सगळ्या सभासदांना. एंट्रींची संख्या स्टार्ट लिस्टशी जुळली पाहिजे. 62 गाड्या सुटल्या आणि 55 जणांची फी जमा असेल, तर उरलेल्या सातांची नावं आणि फी माफ कोणी केली ते लिहा. मित्राला दिलेली फुकट एंट्री ही रक्कम लहान असते, पण संशय मोठा असतो. स्पॉन्सरने रोख न देता टायर किंवा ऑइल दिलं तर त्याचीही नोंद हवी, आणि ते कोणाला मिळालं याचीही. बँकेत दोन सह्या ठेवा, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत.

वस्तूंची नोंदवही करा. टायमिंग सेट, वॉकीटॉकी, कोन, अग्निशामक, झेंडे: कोणाच्या पैशाने आणले, सध्या कुठे आहेत. एखाद्याने स्वतःचं यंत्र क्लबला वापरायला दिलं असेल तर भाडं ठरवा आणि दोन ओळींचं करारपत्र करा. त्याच्या उपकारावर क्लब चालू ठेवू नका. तो रागावला की सीझन थांबतो, आणि त्यालाही वर्षानुवर्षं फुकट देण्याचा मनस्ताप होतो.

महाराष्ट्रातले बहुतेक क्लब 1860 च्या सोसायटी नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असतात. कार्यकारिणी बदलली की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. क्लब हे विसरतात. मग वर्षानुवर्षं शेड्यूल वनच्या उताऱ्यावर जुनीच नावं राहतात, बँक नव्या सह्या घ्यायला तयार होत नाही, आणि पहिलं मोठं भांडण झालं की दोन्ही गट आपापल्या सभेचं इतिवृत्त घेऊन त्याच कार्यालयात उभे राहतात. तिथे कस लागतो तो कागदाचा: सभेची नोटीस क्लबच्या घटनेत लिहिलेल्या पूर्ण दिवसांची होती का, ती सर्व सभासदांना पोचल्याचा पुरावा आहे का, हजेरीवर सह्या आहेत का, गणपूर्ती झाली का, मतदानाला पात्र सभासदांची यादी कोणती. घटनेत 15 दिवसांची नोटीस असताना ग्रुपवर पाच दिवस आधी मेसेज टाकून घेतलेली निवडणूक, सगळे खूश असतील तोवरच चालते.

निवडणुकीसाठी साधी व्यवस्था पुरते. वर्गणी भरलेल्यांची यादी सभेच्या महिनाभर आधी जाहीर करा आणि हरकतींना आठवडा द्या. निवडणूक अधिकारी उभा न राहणारा असावा. एका पदावर सलग दोनच मुदती, आणि इव्हेंट असलेल्या महिन्यात निवडणूक नको. चालू सीझनमध्ये गाडी चालवणाऱ्याने अध्यक्ष व्हायला हरकत नाही. पण तो ज्या इव्हेंटमध्ये उतरतो त्या इव्हेंटचा कोणताही अधिकारी नसावा, हे घटनेतच घाला.

तरीही गट बाहेर पडतो म्हणाला, तर आडवे पडू नका. त्यांच्याशी तीन गोष्टी लेखी ठरवा: तारखा आपटणार नाहीत, मार्शल दोघांसाठी काम करतील, आणि मैदानमालकाशी बोलताना एकमेकांविरुद्ध बोलायचं नाही. एकाच शहरात दोन क्लबांनी एकाच रविवारी इव्हेंट ठेवला की दोन्हीकडे एंट्री निम्म्या होतात आणि खर्च तेवढाच राहतो. अमेरिकेत इंडीकारची 1996 मध्ये अशी दोन तुकड्यांत विभागणी झाली आणि ती 2008 मध्ये सांधली गेली. मधल्या बारा वर्षांत ड्रायव्हर, प्रेक्षक आणि स्पॉन्सर दोन ठिकाणी वाटले गेले. पैसा अमाप असूनही ते त्यांना परवडलं नाही.

बाहेर पडणाऱ्या पोरांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरल्यास स्पर्धेचं लायसन्स निलंबित होऊ शकतं. आणि मैदान मिळालं नाही म्हणून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय तो मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, शिक्षा कैदेचीही आहे. विमा तर उभाच राहत नाही.

अध्यक्ष पायउतार होताना हस्तांतराची यादी दोघांनी मिळून वाचायची: बँक पासबुक आणि चेकबुक, इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, ऑडिट रिपोर्ट, नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र, ईमेल आणि सोशल मीडियाचे पासवर्ड, मैदानमालक, पोलीस ठाणं, अँब्युलन्स आणि विमा यांचे संपर्क, मागच्या सर्व स्टुअर्ड निर्णयांची फाइल, टायमिंग सेट चालू करून पाहिल्याची नोंद. प्रत्येक ओळीसमोर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, दोन प्रती, एक क्लबच्या फाइलमध्ये आणि एक जाणाऱ्या अध्यक्षाकडे.